वाटणीपत्रात न लिहिलेली वाट

मेहिटाबेलकाकूंचा विषय निघाला की आमच्या गावातले लोक अजूनही आवाज उतरवतात. माझं डोकं फिरतं. जे झालं ते भर दिवसा, रस्त्यालगतच्या घरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. आणि त्यात माझाही हात होता. तेव्हा मी मोठ्यानंच सांगणार.

काकू म्हणजे झेबुलन हर्लबटची बायको. बाविसाव्या वर्षी नदीपलीकडून लग्न होऊन आल्या आणि एकोणचाळीस वर्षं त्याच घरात राबल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, आणि जीभ अशी की चर्चचे डीकनसुद्धा त्यांच्याशी शब्द तोलून बोलायचे. त्यांच्या चीजला तीन गावांत नाव होतं. शनिवारी त्यांची भट्टी पेटली की पावाचा आणि काकवी घातलेल्या घेवड्याचा वास रस्त्यावर यायचा, आणि मी सुतारकाम सोडून काहीतरी निमित्तानं त्यांच्या दारात उभा राहायचो.

"काय इथिएल, आमचं दार बिघडलंय की तुझं पोट?" असं विचारत त्या ताटली भरायच्या.

झेबुलन फेब्रुवारीत गेला. स्वतः तोडत असलेलं ओकचं झाड त्याच्याच अंगावर पडलं. मृत्युपत्र नव्हतं. "मरायची एवढी घाई कोणाला आहे?" म्हणणारा माणूस तो. मग कायद्यानं वाटणी आली. विधवेला घराजमिनीचा तिसरा हिस्सा, तोही ती जिवंत असेपर्यंतच. उरलेल्यात थोरल्या मुलाला दुप्पट, बाकीच्यांना एकेक. मुलं दोनच. थोरला असाहेल, बायको लव्हिनासकट त्याच घरात राहणारा, आणि केझिया, पलीकडच्या काठावर दिलेली. कोर्टानं शेजारचेच तीन पंच नेमले: डीकन पेलेग, गिरणीवाला जोथम आणि मी. माझं अक्षर बरं, म्हणून लेखणी माझ्या हातात.

आधी घरातल्या वस्तूंची यादी करायची होती. चमचे, घागरी, चरखा, गाय. मी लिहीत होतो आणि काकू मागून मागून फिरत होत्या. पलंगावरची पिसांची गादी आली तशा त्या मध्ये पडल्या.

"ही नाही हं. ही माझी आहे. बदकं मी पाळली, पिसं मी काढली."

डीकन खाकरले. "मेहिटाबेलबाई, लग्न झालं त्या दिवशी बदकं झेबुलनची झाली."

"आणि माझ्या बापानं दिलेली ही कथलाची भांडी?"

"तीही त्याचीच."

"मग माझं काय?"

"अंगावरचे कपडे," डीकन म्हणाले. थट्टा नव्हती, कायदा तसाच होता.

काकू एकदम हसल्या. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी आपली चाळीस वर्षं दुसऱ्याच्या बदकांना दाणे घालत बसले होते." आम्हीही हसलो. मी गादी यादीत लिहिली.

दुसऱ्या दिवशी घराची वाटणी. आमच्याकडे घर असंच वाटतात, भाकरी मोडावी तसं. मी जमिनीवर सूत मारून रेघ पाडली. पूर्वेची पुढची खोली, तिच्यावरचा माळा, तळघराचा एक कोपरा आणि सफरचंदांच्या तीन ओळी काकूंकडे आल्या. स्वयंपाकघर, भट्टी, देवडी, जिना आणि घराची दोन्ही दारं रेघेच्या पलीकडे, असाहेलकडे गेली. मोजमाप चोख होतं. बोटभरही इकडेतिकडे नव्हतं.

अशा वाटणीत शेवटी एक ओळ लिहायची रीत आहे. विधवेला देवडीतून आत-बाहेर जायला, भट्टीपर्यंत, तळघरापर्यंत, विहिरीपर्यंत वाट राहील. मी लेखणी बुडवली. तेवढ्यात काकू ताटली घेऊन आल्या. भोपळ्याचा गोड पाय, पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला, त्याच भट्टीतला, अजून वाफाळलेला.

"आता काय लिहितोयस?"

"तुमची वाट, काकू. भट्टीपर्यंत जायची."

"माझ्या लेकाच्या घरातून जायला मला दस्त लागतो का रे?" त्या असाहेलकडे वळल्या. "लागतो का?"

असाहेल दाराशी उभा होता. "काहीतरीच काय, आई," तो म्हणाला.

"सावत्र पोरं असती तर गोष्ट वेगळी," जोथम म्हणाला. डीकननी मान डोलावली. पोटच्या मुलासमोर अशी ओळ लिहिणं मलाही अपमान केल्यासारखं वाटलं. मी लेखणी पुसली आणि पायचा मोठा तुकडा उचलला. तिघांनी सह्या केल्या, कोर्टात कागद नोंदला गेला.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. ते वासे माझ्या बापानं घातलेले होते, तरी ते फिरताना मला दिसले नाहीत. असाहेलला नदीकाठचं कुरण विकून उत्तरेकडे दुप्पट जमीन घ्यायची होती. पण कुरणाचा तिसरा हिस्सा काकूंचा, आणि त्यांनी हक्क सोडल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावेना. काकू सही करायला तयार नव्हत्या. केझियाकडे जाऊन राहा, असं असाहेल सांगत होता, आणि त्या म्हणत होत्या, "मी इथेच मरणार."

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला कळलं होतं ते एवढंच की मे महिन्यात असाहेल माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ओकचा एक अडसर करून दे. चांगला जाड कर." कोठाराला हवा असेल म्हणून मी विचारलंसुद्धा नाही. रंधा मारून गुळगुळीत करून दिला.

त्यानंतरच्या रविवारी काकू चर्चला आल्या नाहीत. पुढच्याही नाहीत. माझी बायको रुहामा म्हणाली, "जाऊन बघ बरं. ती बाई तापातसुद्धा रविवार चुकवत नाही."

मी गेलो. घराला वळसा घालून पूर्वेच्या बाजूला आलो आणि जागच्या जागी थिजलो. काकू खिडकीत होत्या. खाली पालथी घातलेली बादली, एक पाय आत, एक बाहेर, झग्याच्या ओच्यात जळण. गुडघा फुटून रक्त आलेलं. एकसष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या घरात चोरासारखी शिरत होती.

"काकू! हे काय?"

"बघत काय राहिलास, लाकडं धर." आत उतरून त्यांनी श्वास घेतला. "लोक म्हणत असतील, म्हातारीला या वयात यार सापडला, खिडकीतून ये-जा चाललीय."

मला हसू आलं नाही. खिडकीतून मला त्यांच्या खोलीचं आतलं दार दिसत होतं. मी ते ढकलून बघायला सांगितलं. त्यांनी ढकललं. ते हललं नाही.

मी तसाच पुढच्या दारानं देवडीत घुसलो. काकूंच्या दारावर आडवा माझा अडसर होता. माझा रंधा, माझा ओक.

"असाहेल, लाज वाटते का? ती आई आहे तुझी!"

"ओरडू नकोस," तो म्हणाला. त्यानं फळीवरून वाटणीपत्र काढून माझ्यापुढे धरलं. "वाट कुठे लिहिलीय ते दाखव. अक्षर तुझंच आहे ना? वाच."

मी वाचलं. माझंच सुरेख अक्षर.

"तिला सही करू दे, मी अडसर आत्ता काढतो. मी काही राक्षस नाही."

लव्हिना भट्टीजवळ पीठ मळतच राहिली.

मी कोर्टात गेलो. तिथं सांगितलं, नोंदलेला कागद वारसांच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. केझियानं लगेच दिली. असाहेलनं दिली नाही. मग मी करवत घेऊन काकूंकडे गेलो. "ही भिंत तुमच्या हिश्श्यात आहे. अर्ध्या दिवसात दार पाडून देतो. कोण अडवतंय बघू."

त्यांनी खिडकीतून हात काढून करवतीचं पातं धरलं.

"नको रे. नवीन दार दिसलं की सगळ्या जगाला कळेल, माझा लेक कसा आहे ते. राग आहे तो. उतरेल. लहानपणी पण असाच कडी लावून बसायचा, भूक लागली की उघडायचा."

"काकू, जगाला कळलंय."

"मला अजून कळायचंय," त्या म्हणाल्या.

मी ऐकलं. परत एकदा मी त्यांचं ऐकलं. उन्हाळाभर, पानगळभर त्या बादलीवर चढत राहिल्या. विहिरीचं पाणी असाहेलच्या बाजूला, म्हणून ओढ्यावरून आणायच्या. पाव नाही, खोलीतल्या शेगडीपुढे फळीवर मक्याच्या पिठाची रोटी थापायच्या. आणि रोज संध्याकाळी आतलं दार एकदा ढकलून बघायच्या, असं अधूनमधून भेटायला येणाऱ्या केझियानं मला नंतर सांगितलं.

जानेवारीत बर्फावरून बादली घसरली. मलाच त्या सापडल्या, सकाळी, खिडकीखाली. कवेतलं जळण तसंच धरलेलं होतं. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. रस्त्यापलीकडची माणसं धावत आली, म्हणजे मोठ्यानं ओरडलो असणार.

त्यांना आम्ही खिडकीतूनच आत घेतलं आणि त्यांच्या गादीवर ठेवलं. शवपेटी मी केली. रिकामी होती तेव्हा तीही तिरकी करून खिडकीतून गेली. भरल्यावर तिरकी कशी करणार? आम्ही चौघे पेटी धरून आत उभे राहिलो, आणि दाराच्या पलीकडून डीकन पेलेगांचा आवाज आला.

"असाहेल, विधवेचा हिस्सा तिच्याबरोबर संपला. आता ही खोली वारसांची आहे. वाटेचा प्रश्न उरत नाही."

अडसर सरकल्याचा आवाज झाला. आठ महिन्यांनी ते दार उघडलं. मेल्यावर.

देवडी अरुंद, समोर लगेच जिना, पेटी पुढच्या दाराकडे वळेना. म्हणून आम्ही स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे निघालो. अंत्यविधीला येणाऱ्यांसाठी लव्हिनानं भट्टी पेटवलेली होती, पावाचा वास सगळीकडे भरला होता. भट्टीजवळ असाहेल पुढे आला आणि पेटीवर हात ठेवून म्हणाला, "थांबा. जरा थांबा ना." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो दार उघडून बसलेल्या पोरासारखा दिसत होता, आणि समोर कोणीच नव्हतं.

मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

त्या हिवाळ्यात मी माझं मृत्युपत्र लिहिलं. रुहामाला पुढचं दार, मागचं दार, जिना, तळघर, विहीर, भट्टी, अंगणातून रस्त्यापर्यंतची पायवाट, सगळं नाव घेऊन लिहिलं. तिनं वाचलं आणि चिडली.

"आपला पोरगा एवढ्या मायेचा. हे वाचून त्याला काय वाटेल? खोड ते सगळं."

तिनं माझ्यापुढे पायची ताटली सरकवली. मी ती बाजूला केली आणि सही केली.