लाकडी जमिनीखालचे मामा

माझ्या बायकोचे मामा सिंगापूरला आले ते आमच्या घरात नव्हे, घराखाली राहायला, असं मी आजही शपथेवर सांगेन. बुकित तिमाहच्या एका गल्लीत आम्ही तेव्हा जुनं बैठं घर भाड्याने घेतलं होतं. विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेलं, लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली जमीन, आणि तिच्याखाली माणूस रांगत जाईल एवढी मोकळी जागा. पाण्याचे सगळे पाइप तिथून जात. इतरांचे आईवडील आले की सेरंगूनच्या मॉलमध्ये गारव्याला बसत. मामा दुसऱ्याच दिवशी माझी जुनी ट्रॅक पँट मागून घेऊन खाली गेले.

एका लहान गावाच्या नगरपालिकेत त्यांनी आयुष्यभर पाणीपुरवठा सांभाळला होता. आमच्याकडे नळ बंद केला की जमिनीखाली धप्प असा आवाज व्हायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती, मामांना झोप येईना. "पाइप लोंबकळतोय. पाणी एकदम थांबलं की तो तुळईवर आपटतो," ते म्हणाले, आणि जेवताना एक पडवळ दोन वाट्यांवर ठेवून त्यांनी मला शिकवायला घेतलं. "आधार जवळजवळ द्यायचे. पण आवळायचं नाही. गरम पाण्याचा पाइप लांबतो, त्याला हलायला जागा हवी." मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेचे सर्व्हर सांभाळत असे, त्यामुळे न समजता मान डोलावण्याची मला सवय होती. पाइप धरायचा की सोडायचा, हे काही कळलं नाही. कामाला हात लावायचा तर लायसन्सवाला प्लंबर लागतो, असं मी त्यांना बजावलं होतं. म्हणून ते बॅटरी घेऊन नुसते बघत. एक फळी काढून आम्ही त्यांना चहा खाली देऊ लागलो. माझी आठ वर्षांची मुलगी त्या भोकात डोकं घालून तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "आजोबा, कम अप लाह." खालून उत्तर यायचं, "आलोच, पाइपची एवढी एक क्लिप बघतो."

एका शनिवारी माझे साहेब सहकुटुंब जेवायला यायचे होते. एकूण चौदा पानं. सकाळी बघतो तर जेवणाच्या टेबलाभोवती खडूची रेघ, आणि मामा रेघेबाहेर खुर्ची टाकून बसलेले.

"या रेघेच्या आत कोणी बसायचं नाही," ते म्हणाले.

"का? गळतंय का?"

"नाही. गळत असतं तर बरं होतं."

"मग पाइप फुटणार आहे का?"

"पाइप ठणठणीत आहे. त्याच्यासाठी केलेली सोय वाईट आहे."

मी गोंधळलो, आणि गोंधळलो की मला राग येतो. "मामा, तुम्ही इथे पाहुणे आहात, तेवढंच राहा," असं मी बोलून गेलो. बायकोने मात्र रेघ पुसू दिली नाही, आणि साहेबांनी व्हरांड्यात ताट हातात घेऊन पुलाव खाल्ला. त्यानंतर मामा खाली गेलेच नाहीत. पेपर वाचत बसले, तोही सिंगापूरचा, इंग्रजी.

सोमवारी बायकोने घरमालकाचा प्लंबर बोलावला. सगळे त्यांना टॅन अंकल म्हणत. त्यांनी टेबल सरकवून फळ्या उचलल्या, वाकून बघितलं आणि मला बोटाने बोलावलं. पाइप सरळ जावा म्हणून कोणीतरी कधीकाळी तुळईला लांबीच्या बरोबर मधोमध वरून खाच मारली होती, निम्म्याहून खोल. तिथून लाकूड चिरत गेलं होतं. "टू मेनी पीपल सिट हिअर, ऑल गो डाउन लाह," टॅन अंकल शांतपणे म्हणाले. मग मामांकडे वळून, "हू ड्रॉ धिस लाइन? गुड."

मालकाने सुतार पाठवला. त्याने चिरलेल्या तुळईला दुसरी तुळई जोडली. टॅन अंकलनी पाइप तुळयांच्या उंचीच्या बरोबर मध्यातून भोकं पाडून नेले आणि पाइप लाकडाला घासू नये म्हणून मध्ये नमद्याचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे घातले. मामांनी दोन दिवस बॅटरी धरली. दोघांची एकही भाषा समान नव्हती आणि वाद मात्र भरपूर झाले.

माफी कशी मागावी ते मला सुचेना. गुरुवारी संध्याकाळी मी पहिल्यांदाच रांगत खाली गेलो. मामा तुळयांखाली उताणे पडले होते. त्यांनी सरकून जागा करून दिली.

"मामा, मी त्या दिवशी—"

"डोकं सांभाळ," ते म्हणाले, आणि बॅटरीने मला एकेक क्लिप दाखवली. "समजलं?"

"नाही."

"असू दे."

"काम तर झालं. मग अजून इथे कशाला?"

त्यांनी बॅटरी बंद केली. वर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, मुलगी धावत कुठेतरी गेली. पावलं थेट आमच्या छातीवरून गेल्यासारखी वाटली.

"तुझी मामी गेल्यापासून आमच्या घरात कोणी चालत नाही," मामा म्हणाले. "इथे बरं ऐकू येतं."

वरून चहाची हाक आली. मग पुन्हा आली. आम्ही दोघंही हललो नाही.