पाडव्याची जोडवी

लग्नात मला गिलटाची जोडवी घातली होती. बोटं हिरवी पडायची. माझी मोठी जाऊ चारचौघींत म्हणायची, "हिच्या पायाला शेवाळ आलंय बघा." मी ऐकून घ्यायचे. विसरायचे नाही.

आमचे मालक देवळाली कॅम्पात एका टेलरकडे जवानांच्या वर्द्या शिवायचे. नजर कमी झाली होती. चष्म्यासाठी वर्षभर डब्यात पैसे टाकत होते. दिवाळीच्या पाडव्याला मी त्यांना ओवाळलं, तर ताटात चांदीची जोडवी पडली.

"आणि चष्मा?"

"सुई बोटांना कळते. डोळे कशाला लागतात?"

खोटं. काज-बटणाच्या सुयांत दोरा ओवून रोज सकाळी मीच डब्याबरोबर द्यायचे.

चारच महिन्यांनी देवळ्याला, जावेच्या माहेरी, तिच्या भाचीचं लग्न निघालं. जाऊ म्हणाली, "माझं एक जोडवं तुटलंय. दोन दिवस तुझी दे गं. माहेरी काय तोंड दाखवू?" सवाशिणीने पायातली जोडवी काढून देऊ नयेत, हे मला कळत होतं. तरी दिली, आणि पुन्हा गिलटाची घातली.

मांडवात माईकवर आहेर पुकारत होते. "आत्याबाईंकडून नवरीला चांदीची जोडवी!"

माझीच होती. मी उठले. मालकांनी दंड धरला. "जाऊ दे. घर एक आहे आपलं."

मी बसले. चार वर्षं बसले. मग नाशिक रोडला जावेच्या स्वतःच्या मुलीचं लग्न झालं. आहेर पुकारणाऱ्याच्या कानात मी सांगितलं आणि तो बिचारा ऐकू येईल तसं बोलत गेला. "काकूंकडून नवरीला चांदीची जोडवी! ती नवरीच्या आईने आधीच देवळ्याला आपल्या भाचीला देऊन टाकली आहेत, तिथून मागून घ्यावीत!"

सगळ्या माना जावेकडे वळल्या. नवरी रडली. तिचा काही दोष नव्हता, त्याचं वाईट वाटतं. पण जावेचं तोंड पाहून जो गारवा वाटला, तो तसा पुन्हा कधी वाटला नाही.

आठव्या दिवशी जावेच्या भावाने कागदाच्या पुडीत जोडवी आणून दिली. दुसरीच्या पायात झिजलेली. मी घातली नाहीत. सोनाराकडे मोडली आणि मालकांना चष्मा केला.

"पोरीला रडवून आणलेला चष्मा मला नको," ते म्हणाले. दिवाळीपर्यंत हात लावला नाही. पाडव्याला ओवाळताना ताटात मीच तो चष्मा ठेवला. म्हटलं, "घाला. नाहीतर उद्यापासून सुया तुमच्या तुम्ही ओवा."

त्यांनी घातला. खाली पाहिलं.

"अगं, तुझी बोटं अजून हिरवीच आहेत."

"मग? तुम्हाला काय वाटलं?"

त्यांनी तो चष्मा शेवटपर्यंत वापरला.

ते गेल्यानंतर वर्षभरात जाऊ दारात आली. म्हातारी झाली होती, भिंत धरून उभी होती. "भाऊजींचा चष्मा पडूनच आहे ना? पोथीपुरता दे गं. दोन दिवस."

"दोनच दिवस?"

"दोनच."

मी दार लावून घेतलं. चष्मा पत्र्याच्या पेटीत आहे. माझ्या डोळ्यांना त्याचा नंबर लागत नाही. पण पेटीची किल्ली माझ्या कमरेला आहे.