कॉलेज तपासायला कमिटी आली!

दुसऱ्यांचे पेपर तपासून पोट भरणाऱ्यांना कोणी तपासत नाही, तोवर सगळं ठीक असतं. आमची तपासणी एकदाच झाली आणि आम्हा बोईसरच्या प्राध्यापकांना जन्माचे किस्से मिळाले. चार जण चहाला बसलो, की एका किश्शाचं शेपूट धरून दुसरा निघतोच!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. देशभरातली कॉलेजं तपासून त्यांचा दर्जा ठरवायची नवी टूम निघाली होती. आमचं विज्ञानाचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालेलं. कमिटी खूश झाली तरच तिसरं मिळणार होतं. नाही मिळालं तर मुलं मुंबई गाठतील, पण पाम-उमरोळीसारख्या आसपासच्या गावांतल्या मुली घरी बसतील, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. धाकधूक अगदी खरी होती.

*

प्राचार्यांनी रंगीत तालीम ठेवली. कमिटीच्या अध्यक्षाचं काम माझ्याकडे. मी चष्मा नाकावर ओढून असे काही प्रश्न विचारले, की तासाभरात आमचं कॉलेज नापास!

प्राचार्य भडकले. "अहो, तुम्ही आपल्या बाजूचे ना?"

"सर, भूमिकेत शिरलो!"

"मग वर्गात प्राध्यापकाच्या भूमिकेत कधी शिरणार?"

*

कमिटी आली. ग्रंथालयात अध्यक्षांनी अर्थशास्त्राचा जाडजूड ग्रंथ बाहेर काढला. "हा कोण वापरतं?"

"मी! रोज!" मी छाती पुढे काढली.

त्यांनी तो उघडला. निम्मी पानं छापखान्यात कापायचीच राहिलेली, एकमेकांना जोडलेली.

"बंद ठेवूनच वाचता का हो?"

छाती जागेवर आली.

*

मग माझा तास बघायला मंडळी मागच्या बाकांवर बसली. तो धडा मी आठवडाभर घोटून घेतला होता. "महागाई म्हणजे..." एवढंच म्हणालो, आणि वर्गाने व्याख्या, उदाहरण आणि त्यावरचा माझा विनोदसुद्धा एका सुरात म्हणून टाकला. मला फक्त हसायचं उरलं!

*

रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये शिरताच कमिटीतल्या मॅडमनी नाकाला रुमाल लावला. "गॅस गळतोय वाटतं. खिडक्या उघडा!"

तिथे शिकवणाऱ्या देशमुखांनी उघडल्या. शेजारच्या रासायनिक कारखान्यांकडचा वारा आत आला, आणि मॅडमनीच धावत जाऊन खिडक्या लावल्या.

"आता कळलं ना," देशमुख म्हणाले, "आमची मुलं प्रॅक्टिकल का बुडवत नाहीत ते?"

*

शेवटी पालकांची बैठक. दुसऱ्या वर्षाच्या वैशालीची आई पुढेच बसलेली. बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. मी तिला आधीच पढवून ठेवलं होतं, "मावशी, गुण विचारले तर पाच सांगा."

अध्यक्षांनी विचारलं, "पाचापैकी किती गुण द्याल कॉलेजला?"

"दहा!"

मी कपाळाला हात लावला.

"बाई, पाचापैकी."

"ठावं हाय मला. पाच बोलली तर तुमी दोनावर आनाल. गिऱ्हाइकाची रीतच हाय ती! दहा बोलली म्हंजे पाचावर तरी याल."

सगळे हसले. मावशी हसली नाही.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "बरं मावशी, शेवटचं बोला."

"शेवटचं म्हंजे पोरीला तिसऱ्या वर्साचा वर्ग. त्याच्या खाली मला परवडत नाय!"