वड्यांच्या डब्याचं कुलूप

अलिबागहून भावजयीचा, सुलभाचा फोन आला तेव्हा मी मुरुडला बिनमिठाची भाकरी भाजत होते. हरेश तिच्याबरोबर तिथे डायलिसिसला गेला होता; परतला की त्याला भूक लागायची. "ताय, हे गेले गो," एवढंच ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपून गेली. दीड महिना झाला त्याला…

हरेश माझा धाकटा भाऊ. अकराव्या वर्षी त्याला टाइप वन मधुमेह निघाला. शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, रोज टोचून घ्यायचं. आई लवकर गेली, त्यामुळे त्याची आई आणि फौजदार, दोन्ही मीच. कोळ्यांच्या घरात मी शाळामास्तरीण, म्हणजे औषधातलं सगळं मलाच कळतं, हा माझा ताठा. डॉक्टर म्हणाले, इन्शुलिन थंड जागी ठेवा. घरात मासळीची बर्फाची पेटी होती. जितका बर्फ जास्त तितकी मासळी ताजी, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी बाटली थेट बर्फात खुपसायची. पुढे फ्रिज आला, तरी ती वर बर्फ जमतो त्याच कप्प्यात.

मग तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी सुरू झाली. एका दिवसाची साखर फसवू शकते. ही तपासणी तीन महिन्यांचं एकदम सांगते. दर वेळी आकडा चढलेला. मी कागद त्याच्यापुढे नाचवायची.

"कागद खोटं बोलत नाही. काय खाल्लंस?"

"काय न्हाय खाल्ला गो ताय. आईची आन."

मी खोबऱ्याच्या वड्यांच्या डब्याला कुलूप घातलं, चावी कमरेला. लग्न झालेला, स्वतःची होडी असलेला माणूस, पण बायकोसमोर मी त्याला बोलायची. शेवटी शेवटी तो वाद घालेनासा झाला. "व्हय, खाल्ला," म्हणायचा आणि उठून जायचा. चोर कबूल झाला म्हणून मला समाधान वाटायचं. आज त्या समाधानाचीच लाज वाटते.

दवाखान्यात नवीन आलेल्या नर्सनं एकदा विचारलं, बाटली ठेवता कुठे? मी अभिमानानं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "बाई, गोठलं की इन्शुलिनचा जोर जातो." बाटली खालच्या कप्प्यात आली आणि पुढच्या कागदावर साखर उतरली. पण तोवर लघवीतून प्रथिनं जाऊ लागली होती, रक्तातलं क्रिएटिनिन वाढत होतं. इतक्या वर्षांच्या आजारात किडनी एरवीही बिघडते, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली, पण मनाची समजूत पटली नाही. कागद खरंच खोटं बोलला नव्हता. साखर वाढली होती. का वाढली, ते त्यात लिहिलेलं नव्हतं; ते मीच माझ्या मनानं वाचलं.

साखर उतरल्याचा कागद आला, त्या संध्याकाळी "चुकलं रे" म्हणायला तोंड उघडेना. मी नुसती चावी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती परत माझ्याच हातात दिली.

"तुझ्याकडंच ठेव गो. परत वड्या कमी भरल्या, तर नाव माझाच यायचा."

तो हसला. मीही हसले… हसायला नको होतं. तेव्हाच माफी मागायला हवी होती.

डबा अजून फळीवर आहे, कुलपासकट. परवा चावी हातात घेतली आणि एक गोष्ट आठवली. त्या वड्या करणारी मीच, भरणारी मीच. कुलूप लावायच्या आधीही, मी काढून द्यायची त्याहून एकही वडी कधी कमी झाली नव्हती. मी कागद बघत राहिले. उघड्या डब्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही.