मुलाचा धनको

निवृत्तीनंतर मी चंडीगढलाच राहिलो. मुलाने पिंजौरला पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा कारखाना काढला, तेव्हा निवृत्तीच्या रकमेतला मोठा हिस्सा मी त्याला रीतसर कागद करून कर्जाऊ दिला. पत्नीला तो कागद रुचला नव्हता.

काही वर्षे कारखाना नीट चालला. मग मुख्य गिऱ्हाईक बुडाले आणि त्याच्यासोबत आमची येणीही. बँकेचे हप्ते थकले, जीएसटी थकला, पुठ्ठा पुरवणाऱ्याचे पैसे थकले. वसुलीची माणसे घरी येऊ लागली. मुलगा त्यांच्याशी नम्रपणे बोले, आणि मग जेवत नसे. अखेर नादारीचा अर्ज करायचे ठरले. तो शब्द मला जड गेला.

अर्जापूर्वी मुलाने छपाईचे यंत्र विकायला काढले.

"मशीन बिकली की पहले आपका पैसा, बाबा. पक्का. बाकीच्यांचं कोर्ट बघेल."

मला त्यात वावगे दिसले नाही. बापाचे ऋण आधी फेडावे, हीच शिकवण आम्ही त्याला दिली होती.

अर्जाचे काम पाहणाऱ्या वकीलबाईंनी हे ऐकले आणि पेन खाली ठेवले.

"कर्नल साहब, बेटे को बचाना है या डुबोना है?"

अर्जाच्या तोंडावर घरच्या माणसाला पैसे दिले तर न्यायालय ते परत मागवते आणि अर्जदाराला लबाड समजते, असे त्यांनी सांगितले. मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. तिच्यातून आधी कर आणि कामगारांचे पगार, मग इतरांना प्रमाणात. अर्जदार प्रामाणिक ठरला तर राहिलेल्या कर्जातून सुटतो. सरकारचे देणे मात्र सुटत नाही.

"और मैं कहाँ?"

"लाइन में जी. पुठ्ठेवाले के साथ."

फौजेत जवान जेवल्याशिवाय अधिकारी ताट घेत नाही. मी ते नोकरीभर पाळले होते. घरात पाळण्याची वेळ आली नव्हती. यंत्र मी विकू दिले नाही.

"यहाँ भी फौज, यार," मुलगा चिडला.

"मी तुझा यार नाही. धनको आहे."

तो हसला नाही.

सुनावणीत न्यायाधीशांनी विचारले, अर्जापूर्वी घरच्या कोणाला काही दिले का. मुलगा म्हणाला, कोणालाही नाही, वडिलांनाही नाही. बँकेच्या वकिलाने खातेउतारे पुन्हा पुन्हा चाळले. त्याला हरकत घेण्याजोगे काही सापडले नाही.

मुक्तीचा आदेश यथावकाश झाला. वसुलीची माणसे यायची थांबली. कराची बाकी मुलगा मोहालीतल्या नोकरीच्या पगारातून हप्त्यांनी फेडतो. माझ्या वाट्याला जे आले, त्यात पत्नीच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. माझे उरलेले येणे कायद्याने संपले.

आदेशाच्या दिवशी न्यायालयातून परतताना गाडीत त्याने विचारले होते, "बाबा, घर में भी खतम?"

"घरातही," मी म्हणालो.

त्या दुपारी तो पोटभर जेवला.