आधी वाजवणाऱ्यांची पंगत

गांधीबागेत सुखदेवभाऊंच्या जॅझ क्लबात कितीही मोठा माणूस येवो, त्याला आधी आम्हाला जेवताना बघावे लागे. स्टेजवरच सतरंजी अंथरलेली असे. आम्ही सहा वाजवणारे ओळीने बसलेले आणि मालक सुखदेवभाऊ स्वतः वाढताना. वरण, भात, वांग्याची भाजी. लोक तोवर खुर्च्यांवर मोबाईल बघत बसत. आमचे हात धुऊन झाले की मगच वाद्यांना हात.

मी चौथीपर्यंतच शिकलो, तरी हे मीच लिहिणार. दुसरा कोणी वाजवण्याचे लिहील, जेवणाचे लिहिणार नाही.

भाऊ आणि मी आधी इतवारीतल्या एका लग्नाच्या बँडात होतो. भाऊंचा सॅक्सोफोन, माझा ड्रम. वरातीत तीन-तीन तास चालत वाजवायचे आणि सगळ्यांच्या शेवटी मांडवामागे जेवायचे. कुहीच्या एका लग्नात आमची पाळी येईपर्यंत वरण संपले. भाऊंनी कोरडा भात खाल्ला आणि म्हणाले, "माह्या जागेत पहिले वाजवणाराच बसन पंगतीले."

जॅझ त्यांनी जुन्या रेकॉर्डी ऐकून कानाने उचलला. आम्हाला शिकवताना म्हणत, "वरातीत नवरदेवाच्या मनातलं वाजवलं. इथं तुह्या पोटातलं वाजव गा."

क्लब एका कापडवाल्या शेटजींच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने होता. एका संध्याकाळी शेटजी नव्या व्याह्यांना घेऊन आले. आम्ही नुकते बसलो होतो. शेटजी म्हणाले, आधी वाजवा, जेवण पळून जात नाही. भाऊंनी त्यांना खुर्ची दाखवली. व्याह्यांसमोर शोभा झाली म्हणून शेटजी भडकले, जागा कोणाची आहे हे विसरलात का म्हणाले. मी घाबरून उठलो, हे कबूल करतो. भाऊंनी माझा खांदा दाबून मला खाली बसवले.

"जागा तुमची हाय शेटजी. किल्ली उद्या घेऊन जा. आता मी वाढून राहिलो."

शेटजींनी खरेच किल्ली नेली. क्लब भाऊंच्या अंगणात आला. खुर्च्या निम्म्याच मावल्या, पंगत मात्र होती तशी.

यंदा भाऊ गेले. त्यांच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीत भंतेजींचे भोजन झाल्यावर त्यांच्या मुलीने, वैशालीने, आमची सहा ताटे मांडली. मी म्हणालो, आधी पाहुण्यांना बसव, लांबून आले आहेत.

"पाव्हणे थांबतीन काका. तुमी बसा."

सगळे नातलग उभे होते. मी बसलो, ताठ. दुसऱ्यांदा वरण मागून घेतले. मग हात धुतले आणि ड्रम पुढे ओढला.