वखारीतलं कोपऱ्यातलं मशीन

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही. हसायचं तर हसा. पण मी एकटीनं नाही, अकरा बायकांनी पाहिलंय.

आणीबाणी उठल्यानंतरचं वर्ष. माझे मिस्टर पिंपरीत कंपनीत, आम्ही राहायला काळेवाडीत. रहाटणीच्या रस्त्याला गुळाची एक दगडी वखार बंद पडून होती. कामगारांच्या बायकांना तिथं शिवण शिकवायचं, पुढं कंपन्यांचे युनिफॉर्म शिवायला घ्यायचे, म्हणून मालकाकडून ती मागून घेतली. जळमटं काढली, चुना दिला, पत्र्यात काचा बसवल्या. चार जुनी मशीनं आणली.

शेजारच्या मळ्यातले दगडूबाबा म्हणायचे, "बाई, हितं कुणी टिकत न्हाई."

"बाबा, आम्हाला आजवर कुणी कुठं टिकू दिलंय? इथं टिकून बघतो."

वर्ग सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी, भर दुपारी, मी बाही कापायला शिकवत होते... आणि कोपऱ्यातलं मशीन चालू झालं. स्टुलावर कुणी नाही. पायडल वर-खाली, चाक फिरतंय, सुई खटखट! किंचाळत सगळ्या बाहेर.

"ताई, मी उद्यापासून न्हाई येणार," शांता रडायला लागली. "सासूला निमित्तच पाहिजे."

मला भीतीआधी राग आला. वखार उभी करायला चार महिने हाडं झिजवली होती आम्ही! तशीच आत गेले. मशीन चालूच होतं. स्टुलावर बसले, पाय वर घेतले. सुईत दोरा होताच. कापड दाबणारा मशीनचा फूट उचलून खाली कापड सरकवलं, फूट सोडला.

"चालवायचंच आहे ना? मग शिवून दाखव. फुकट सुई झिजवायची नाही इथं!"

कापड पुढं सरकू लागलं. टोकाशी आलं — आणि मशीन थांबलं. शिवण ओळंब्यात, माझ्याहून सरळ.

बाहेर येऊन मी ते कापड सगळ्यांपुढं धरलं. "कोण आहे ठाऊक नाही. पण हाकलत नाही आपल्याला, शिवतंय. उद्या बाराला हजर राहायचं."

दुसऱ्या दिवशी दहा जणी आल्या. शांता सोमवारी आली, सासूशी भांडून.

मिस्टरांनी मशीन तपासलं. म्हणाले, "अगं, पट्टा इतका सैल आहे, की माणसानं पायडल मारूनही हे चालू नये."

पुन्हा तसं कधी झालं नाही. का झालं, याचं स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. पण त्या दुपारी घाबरून कुलूप लावलं असतं ना, तर त्याचं स्पष्टीकरण त्या अकरा जणींना मी काय दिलं असतं?